चिवड्याचा माग

दिवाळीचा घरचा फराळ संपला की आमच्याकडे विकतच्या चिवड्याची पाळी येते. मागच्या वर्षी मुलुंड स्टेशनबाहेरून असंच एक पाकीट आणलं, कात्रीनं कापलं, स्टीलच्या डब्यात उपडं केलं आणि रिकामं पाकीट सुक्या कचऱ्यात टाकलं. दोन दिवसांनी बशीभर घेऊन बसलो, तर पहिलाच घास खवट. शेंगदाणे खवट होते की खोबऱ्याचे काप, की तेलच जुनं होतं, ते कळेना. मी बराच वेळ कुरकुरत राहिलो, तेव्हा बायको म्हणाली, "माझ्याशी काय कुरकुरताय? कंपनीला फोन करा."

केला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पलीकडची मुलगी फारच सौजन्यानं बोलली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "सर, पाकिटावरचा बॅच नंबर सांगता का?"

घंटागाडी सकाळीच येऊन गेली होती.

बॅच नंबर नाही म्हटल्यावर माझ्या तक्रारीत काही राम उरला नाही. त्या कारखान्यात रोज कितीतरी पाकिटं भरली जात असतील. त्यातलं माझं कुठलं, ते कधी तळलं, शेंगदाणे कुठल्या गोणीतले, यातलं काहीही आता कुणालाच शोधता येणार नव्हतं. तिच्यासमोरच्या संगणकात कदाचित याची सगळी उत्तरं होती. ती उघडायची किल्ली मीच कचऱ्यात टाकली होती.

अन्नप्रक्रिया उद्योगात याला ट्रेसेबिलिटी म्हणतात. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे, माग. चोराचा माग काढतात, तसा शेंगदाण्याचा काढायचा. तो दोन्ही दिशांनी काढता यायला हवा. हातातल्या पाकिटापासून मागे जात कच्च्या मालापर्यंत पोचता आलं पाहिजे. आणि एखादी गोणी खराब निघाली तर तिथून पुढे जात, तिचा माल ज्या ज्या पाकिटांत गेला त्या सगळ्यांपर्यंत. पहिला प्रवास तक्रार आली की करावा लागतो. दुसरा प्रवास, म्हणजे बाजारातून माल परत बोलावण्याचा, करताना कारखान्याची झोप उडते.

आपल्याकडचा कायदा २००६ चा. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा असं त्याचं नाव, आणि तो अमलात आला ५ ऑगस्ट २०११ ला. त्याच्या कलम २८ नुसार, आपला माल असुरक्षित आहे असं वाटलं तर तो बाजारातून काढून घेण्याची जबाबदारी उत्पादकावर येते. ते कसं करायचं याचे नियम २०१७ मध्ये आले. पाकिटावर बॅच किंवा लॉटची खूण छापणं तर सक्तीचंच आहे. शिवाय परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो. राज्याच्या परवान्याची सुरुवात ११५ नं किंवा छोट्या उद्योगाची नोंदणी असेल तर २१५ नं झाली असेल, तर तो महाराष्ट्रातला समजावा. त्यापुढचे दोन आकडे वर्षाचे. परवान्यावरून माल कुणाचा ते कळतं, बॅचवरून कुठला ते. दोन्ही लागतात.

त्या फोननंतर मला या विषयाचा नादच लागला. ओळखीतून ओळख काढून भांडुपकडचा एक मध्यम आकाराचा फरसाण कारखाना पाहून आलो. दोन मजले, खाली गोदाम आणि कढया, वर पॅकिंग. वर्षभरापूर्वी त्यांनी माग ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्याआधी सगळं वहीत आणि टॅलीत.

गोदामाच्या दारातच काम सुरू होतं. गोण्या उतरल्या की वजन होतं, मूठभर शेंगदाणे काढून वास आणि ओल बघितली जाते, मग प्रत्येक गोणीवर बारकोडचं स्टिकर चिकटतं. पुरवठादार, बिल, तारीख, मुदत सगळं त्या स्टिकरमागे. माल बाहेर काढताना ते स्कॅन करावं लागतं. ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर, हा नियम प्रत्येक गोदामवाल्याला पाठ असतो आणि तो रोज मोडला जातो, कारण जुनी गोणी नेहमी मागे असते आणि नवी पुढे. इथे पुढची गोणी स्कॅन केली की पडदा लाल होतो. मग मुकाट्यानं मागची ओढून काढावी लागते. मालकांच्या मते सॉफ्टवेअरचा खर्च निघाला तो इथेच. कायद्यासाठी घेतलं खरं, पण मुदत उलटून फेकावा लागणारा माल कमी झाला, हा फायदा त्यांना पहिल्यांदा दिसला.

पुढे वजनकाटा. कृती पडद्यावर, काटा संगणकाला जोडलेला, म्हणजे आकडा माणसानं लिहायचा नाही. पातळ पोहे अमुक गोणीतले, डाळं तमुक गोणीतलं, हळद, मिरची, पिठीसाखर, मीठ. यातून एक बॅच जन्माला येते आणि तिला नंबर मिळतो.

मग येते कढई, आणि इथे सगळी शिस्त जरा विरघळते. पोह्यांची गोणी वेगळी ठेवता येते, तेल ठेवता येत नाही. कढईतलं तेल कमी झालं की वरून नवं ओततात. सकाळचं तेल आणि दुपारचं तेल एकजीव होतं. म्हणून जाणता कारखानदार काय करतो, तर कढई पूर्ण रिकामी करून धुतल्यापासून पुढची धुण्याची वेळ येईपर्यंत जे काही तळलं ते सगळं एकाच नात्यात धरतो. त्यात दोष निघाला तर तो सगळा माल बाजूला. कढई आठवड्यानं धुतली तर आठवड्याचा, रोज धुतली तर एका दिवसाचा. तळून तळून तेलात तयार होणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांपुढे जाता कामा नयेत, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहेच. त्यासाठी तेल बदलणाऱ्याचा माग आपोआप आखूड राहतो.

कढईहून अवघड गोष्ट फाडलेल्या पाकिटांची. पॅकिंगमध्ये पाकीट नीट चिकटलं नाही, वजन कमी भरलं, की ते फाडून आतला चांगला माल पुढच्या बॅचमध्ये घालतात. यात गैर काही नाही, अन्न का फेकायचं? पण त्याची नोंद झाली नाही तर सोमवारचा शेंगदाणा गुरुवारच्या पाकिटात जाऊन बसतो आणि कागदावर तो तिथे नसतोच. गोदाम सांभाळणाऱ्या मामांना मी याबद्दल विचारलं. ते हसून म्हणाले, "जेव्हाचं तेव्हा स्कॅन केलं तर चुका दिसतात, साहेब. संध्याकाळी बसून दिवसभराचं भरलं ना, की सगळं एकदम बरोबर दिसतं."

या विषयावर मी जे काही वाचलं, त्यात मला याहून उपयोगाचं वाक्य सापडलं नाही. बिनचूक दिसणारी नोंदवही बघून तपासणी करणाऱ्यानं खरं तर सावध व्हायला हवं.

याची परीक्षा घेण्याची एक पद्धत आहे, लुटुपुटीची माघार, म्हणजे माल परत बोलावण्याची तालीम. दुकानातून एखादं पाकीट उचलायचं आणि घड्याळ लावून त्याचा पूर्ण माग काढायचा. निर्यातदार ज्या ब्रिटिश मानकाला मानतात, त्यात यासाठी चार तास मिळतात. समजा, शेंगदाण्याचा एक लॉट पाचशे किलोचा होता. चारशे साठ किलो बॅचमध्ये गेले, पंचवीस गोदामात आहेत, बारा किलो निवडून टाकले. उरले तीन. ते तीन किलो कुठे गेले? खाली सांडले, की कुणी नोंद न करता दुसऱ्या बॅचमध्ये ओतले? हिशेबनीस तीन किलोकडे दुर्लक्ष करेल. माग काढणाऱ्याला तसं करता येत नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे कळायला मुलुंड चेकनाक्यापलीकडे जावं. ठाण्याच्या पोखरण रस्त्यावरच्या कॅडबरीच्या कारखान्यानं एका नाक्याला नाव दिलंय. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत डेअरी मिल्कच्या काही वड्यांमध्ये अळ्या सापडल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याच कंपनीच्या तळेगावच्या कारखान्यातला साठा जप्त केला. कंपनीचं म्हणणं, माल आमच्याकडून चांगलाच गेला, दुकानदारानं नीट ठेवला नाही. प्रशासनाचं म्हणणं, दुकानात अळी शिरू शकत असेल तर वेष्टनच सदोष. वाद सगळा एका प्रश्नाभोवती, अळी नेमकी कुठल्या टप्प्यावर शिरली? कारखान्याच्या दारापर्यंतचा माग होता. दारापासून दुकानाच्या बरणीपर्यंतचा रस्ता अंधारात होता. शेवटी २००४ च्या जानेवारीत कंपनीनं वेष्टन बदललं, चारी बाजूंनी बंद होणारा अॅल्युमिनियमचा कागद आणि त्यावर प्लॅस्टिकचं आवरण. माझ्या मते तोच खरा कबुलीजबाब होता, आणि शहाणपणाचाही.

मॅगीचं प्रकरण त्याहून मोठं. ५ जून २०१५ ला केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं नऊच्या नऊ प्रकारांवर बंदी घातली आणि तीस हजार टनांहून जास्त माल देशभरातून गोळा करून सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये जाळावा लागला. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द ठरवली. न्यायालयापुढच्या प्रश्नांमध्ये एक असाही होता की चाचण्या तीन प्रकारांच्या आणि बंदी नऊ प्रकारांवर, हे कसं? ज्या शिशावरून ही बंदी आली, ते जास्त होतं की नव्हतं या वादात मी पडत नाही. पण नेमक्या बॅचवर बोट ठेवता आलं नाही की शिक्षा सगळ्या मालाला होते.

एका गोणीचे पाय किती लांब पसरू शकतात हे त्याआधी इंग्लंडनं पाहिलं होतं. फेब्रुवारी २००५ मध्ये तिथे एका प्रसिद्ध सॉसमध्ये सुदान-१ नावाचा, खाण्यात बंदी असलेला रंग सापडला. सॉसमध्ये तो आला मिरचीपुडीतून, आणि मिरचीपूड गेली होती भारतातून. ते सॉस पुढे तयार जेवणांत आणि सूपमध्ये वापरलं गेलेलं. चारशेहून जास्त पदार्थ दुकानांतून उचलावे लागले. बरं, ते उचलता तरी आले, कारण कुणी कुणाला काय विकलं याची साखळी कागदावर होती.

महाराष्ट्रात हे काम सगळ्यात आधी मोठ्या प्रमाणावर केलं ते कारखान्यांनी नाही, द्राक्षबागायतदारांनी. २००३ मध्ये नेदरलँड्सनं आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश जास्त असल्याची तक्रार केली आणि नाशिककरांच्या तोंडचं पाणी पळालं. २००६ मध्ये अपेडानं, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेनं, ग्रेपनेट सुरू केलं. प्रत्येक बागेच्या प्लॉटला नोंदणी क्रमांक, फवारणीची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, कंटेनर, सगळं एका संगणकी साखळीत. युरोपातल्या दुकानातल्या पेटीवरून दिंडोरीतला प्लॉट सापडू लागला. आणि तरीही २०१० मध्ये पुन्हा माल अडकला, यावेळी क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकापायी. माग चोख होता. फक्त आपल्या प्रयोगशाळा ज्या रसायनांची तपासणी करत होत्या त्या यादीत ते नव्हतं. माल कुठून आला ते संगणकानं अचूक सांगितलं, पण जे कुणी विचारलंच नव्हतं ते तो कुठून सांगणार?

संगणक नसतानाही माग ठेवता येतो, हे मुंबईतल्या दोन संस्थांनी कधीच दाखवून दिलंय. डबेवाल्यांचं कौतुक करून सगळे थकलेत, म्हणून थोडक्यात. अंधेरीहून निघालेला डबा चार हातांतून जातो. प्रत्येकाला फक्त आपल्या अलीकडचा आणि पलीकडचा टप्पा माहीत असतो, आणि झाकणावरच्या खुणा बाकीचं सांभाळतात. अन्नाच्या कायद्यांनाही नेमकं एवढंच हवं असतं, एक पाऊल मागचं आणि एक पाऊल पुढचं. आणि डबा संध्याकाळी रिकामा होऊन त्याच घरी परत येतो. इतकी खात्रीची माघार कुठल्याच कारखान्याला जमणार नाही.

दुसरी संस्था लिज्जत. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या एका गच्चीवर सात जणींनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला सुरुवात केली. आता संस्था कितीतरी पटींनी वाढली, पण पद्धत तीच. पहाटे शाखेत मळलेलं पीठ तोलून सभासद बहिणींना द्यायचं, त्यांनी घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड परत आणून तोलून द्यायचे, वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घ्यायची आणि नवं पीठ न्यायचं. दिलेलं किती, आलेलं किती, याची नोंद. उडीद डाळ संस्था स्वतः घेते, पीठ शाखेतच मळलं जातं, म्हणजे घरोघरी बदलतो तो फक्त लाटणारा हात. कारखाना हजारो स्वयंपाकघरांत पसरलेला असूनही मिसळण्याची जागा एकच ठेवली, ही यातली खुबी. त्या गच्चीवर ट्रेसेबिलिटी हा शब्द कुणी उच्चारलाही नसेल.

मिसळण्याची जागा एकच ठेवणं महत्त्वाचं, कारण माग नेहमी मोडतो तो मिसळताना आणि पुन्हा भरताना. पिशवीतल्या दुधाचंच घ्या. अंधेरी, मालाड, गोरेगावच्या वस्त्यांमधून अन्न व औषध प्रशासनानं आणि पोलिसांनी टाकलेल्या धाडींच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. पहाटे नामवंत डेअरीच्या पिशवीचा कोपरा कापायचा, थोडं दूध काढायचं, पाणी भरायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर कोपरा चिकटवायचा. पिशवीवरची तारीख खरी, बॅच खरा, परवाना क्रमांक खरा. डेअरीच्या संगणकात त्या बॅचच्या सगळ्या चाचण्या उत्तीर्ण. खोटं आहे ते फक्त दूध. सॉफ्टवेअर पिशवीला ओळखतं, आतल्या दुधाला नाही. अशा वेळी चिकटवलेल्या कोपऱ्याची सुरकुती ओळखणारी आजीच उपयोगी पडते.

दुकानाच्या टप्प्यावरही असाच एक गैरसमज आहे. मॉलमध्ये बीप झालं की आपल्याला वाटतं, झाली नोंद. पण ८९० नं सुरू होणारा तो काळ्या रेघांचा बारकोड एका प्रकारच्या सगळ्या पाकिटांवर सारखाच असतो. दोनशे ग्रॅम चिवडा, एवढंच तो सांगतो. सोमवारचा की शनिवारचा, हे नाही. २६ जून १९७४ ला अमेरिकेतल्या ओहायोत च्युइंगमचं पहिलं पाकीट असं वाचलं गेलं, ते गल्ल्यावरचं काम लवकर उरकावं म्हणून. आता बॅच आणि मुदत पोटात घेणारे चौकोनी कोड येताहेत, जगभरच्या गल्ल्यांनी ते २०२७ अखेरपर्यंत वाचायला शिकावं असा प्रयत्न आहे. आपल्या वाण्याकडे गल्ला म्हणजे अजून लाकडी खण असतो, हे सोडा. पण वितरकाच्या बिलावरही बॅच नंबर क्वचितच दिसतो. जीएसटीमुळे कुणी कुणाला विकलं याचा माग सरकारकडे लागला. काय विकलं याचा माग पैशापुरता, पाकिटापुरता नाही. भांडुपच्या त्या मालकांनी हे प्रामाणिकपणे कबूल केलं, "वितरकापर्यंत मी छातीठोक सांगू शकतो. पुढं मुलुंडच्या कुठल्या दुकानात कुठली पेटी गेली, ते त्याचा सेल्समनच जाणे."

म्हणजे साखळीचा शेवटचा तुकडा दुकानदाराच्या आणि आपल्या हातात उरतो. आणि आपण तर डबेबाज माणसं. तूरडाळ, रवा, तिखट, चहा, जे येईल ते पाकिटातून काढून डब्यात भरल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. त्यातही तळाशी जुनं असतं, त्यावर नवं ओततो. कढईतलं तेल आणि आपला रव्याचा डबा यांत काडीचाही फरक नाही.

आमच्या घरी आता एवढाच बदल झालाय की पाकीट कापताना बॅच नंबर, तारीख आणि परवाना क्रमांक असलेली पट्टी कात्रीनं वेगळी काढायची आणि झाकणाच्या आत चिकटवायची. जुनं संपल्याशिवाय नवं ओतायचं नाही. तुम्हीही हे करून पाहा. पाकिटावरची शाई पुसट असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि काही खवट, बुरसट, संशयास्पद निघालं तर माझ्यासारखं बायकोशी कुरकुरत बसू नका. कंपनीला फोन करा, नाहीतर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवा. फोन लावण्याआधी ती पट्टी मात्र हाताशी ठेवा.